डेस ट्रेलोरचे बीम आणि रूलाची हवा

डेस ट्रेलोरला खुर्ची, कुत्रा आणि बीम हे तिन्ही भरभक्कम लागत. ऑस्ट्रेलियातल्या जीलॉन्गच्या आमच्या ऑफिसात तो इमारतींचे सांगाडे आखायचा. तरुणपणी फुटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, संघातला हा सगळ्यात उंच गडी. चेंडू आभाळातून काढून आणायची सवय, त्यामुळे खालच्या जगातल्या अडचणी त्याला सहसा दिसत नसत.

किनाऱ्यावरच्या एका गावाचं वाचनालय आमच्याकडे आलं. तीन मजले, सगळ्यात वरचा मुलांचा. त्याहून उंच जायची सोय नाही, कारण टेकडीवरल्या घरांना समुद्र दिसेनासा होतो. डेसनं आडवे जाडजूड बीम घातले. एसीवाल्या रूलानं आपले हवेचे डक्ट घातले. दोघांनीही स्लॅब आणि सीलिंगच्या मधली जागा आपल्या वडिलांची आहे असं धरून! नकाशे एकावर एक ठेवले, तेव्हा प्रत्येक डक्ट बीमच्या पोटातून आरपार गेलेला.

"डेस, बीमना भोकं पाड की."

"तू नवऱ्याच्या पाठीच्या कण्याला भोक पाडशील?"

"त्याला कणाच नाही. तो प्रश्न येत नाही."

"मग डक्ट बीमखालून ने."

"नेते. फॉल्स सीलिंग एवढं खाली येईल की लोक रांगत पुस्तकं शोधतील."

"वाचनालयात माणसं बसतात, रूला!"

गावच्या कौन्सिलला हा वाद कळला. त्यांनी सोपा उपाय सुचवला: बसत नसेल, तर मुलांचा मजलाच काढून टाका. पुढच्या बैठकीत निकाल.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याची रेघ दुसऱ्याच्या रेघेला अडवते, त्यानं सकाळच्या चहाला केक आणायचा. डेसनं आयुष्यात केक आणलेला नव्हता. खाल्ले मात्र सगळ्यांचे.

रूलानं पुढे वाद घातला नाही. चहाच्या वाटेवरच्या पॅसेजमध्ये तिनं गुलाबी फीत आडवी बांधली, डेसच्या बीमखालून डक्ट नेल्यावर जेवढं उरणार होतं बरोब्बर तेवढ्या उंचीवर. आम्ही बाकीचे टेचात खालून जायचो. डेस मान वाकवून जायचा, कप सांभाळत, आणि पलीकडे पोचल्यावर म्हणायचा, "ऐसपैस आहे!" आठवडाभरात त्याची मान एका बाजूला गेली. बायकोनं विचारलं, तर म्हणाला, "वारा लागला."

बैठकीच्या आदल्या शुक्रवारी तो फितीखाली बराच वेळ वाकून उभा राहिला. मग स्वतःशीच पुटपुटला, "आणि हे कौन्सिलवाले मुलांना वरच्या मजल्यावरून काढायला निघालेत." सोमवारी नवा आराखडा टेबलावर होता. बीम आडवे नव्हते, लांबीच्या दिशेनं फिरवलेले. उंचीला कमी, रुंदीला जास्त, आत सळई वाढवलेली. डक्ट दोन बीमांच्या मधून सुखानं जात होते. शेजारी लॅमिंग्टनचा, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळलेल्या केकचा, डबा.

"बायकोनं जास्त केले होते," डेस म्हणाला.

"हो का? माझ्या शेजारच्या बेकरीतच करते वाटतं," म्हणत रूलानं दोन उचलले.

मुलांचा मजला वाचला. उद्घाटनाला भाषणांत गालिच्याचं कौतुक झालं, दिव्यांचं झालं. वर पांढरंशुभ्र सीलिंग, त्यामागचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"तिथं माझा बीम आहे," डेस बोट दाखवून म्हणाला.

"आणि त्याला खेटून माझा डक्ट."

दोघं माना वर करून देवदर्शनासारखे बघत राहिले. त्यांचं बघून आणखी चारपाच जण बघू लागले. तेवढ्यात ग्रंथपालबाई लगबगीनं आल्या आणि गालिच्यावर, बरोब्बर त्यांच्या पायाशी, वरून टपकणाऱ्या थेंबांखाली बादली ठेवून गेल्या.