मोकळ्या गल्लीतल्या खुर्च्या

काकांच्या मृत्यूच्या चौकशीत माझी आत्या उठून जे बोलली, ते ऐकून मी जी सुन्न झाले, ती अजून सावरलेली नाही.

आत्या खुर्च्या भाड्यानं द्यायची. लग्न असो, सभा असो, कुणी गेलेलं असो, लोक बसणार ते आत्याच्या खुर्चीवर. दुकानामागच्या गोदामात लाल प्लास्टिकच्या खुर्च्या छतापर्यंत एकात एक रचलेल्या असायच्या. तिच्या तोंडाचा पट्टा असा, की खुर्ची मोडून परत करणारा पुढे महिनाभर दुसऱ्या रस्त्यानं जायचा. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, अगदी उलटे. गुडघ्यानं अधू आणि स्वभावानं गरीब. "ही माझी एकच खुर्ची, जी मी भाड्यानं देत नाही," असं ती त्यांच्याकडे बोट दाखवून चारचौघांत म्हणायची आणि काका लाजून हसायचे.

वर्षातून एकदा आमच्या रस्त्यांवर मोटारींची शर्यत व्हायची. गाड्या उतारावरून सुसाट यायच्या आणि औषधांच्या दुकानापाशी डावीकडे वळायच्या. तिथेच उजव्या हाताला एक गल्ली होती. शर्यतीच्या दिवशी ती मोकळी ठेवायची, कुणाचा ब्रेक लागला नाही तर गाडीला शिरायला जागा हवी म्हणून. पण इतक्या वर्षांत तिथे एकही गाडी आली नव्हती. वळणावर माणसांची चेंगराचेंगरी आणि शेजारी ही गल्ली रिकामी, सावलीची. रिकामी म्हणूनच ती सगळ्यांना सुरक्षित वाटू लागली. म्हाताऱ्या माणसांची सोय म्हणून आत्या तिथे फुकट खुर्च्या मांडायला लागली.

पहिल्या वर्षी वळणावर गाड्यांना इशारे देणारा झेंडेवाला कुरकुरला होता. "बाई, ही जागा मोकळी पाहिजे."

"मोकळीच तर आहे, म्हणून बसवतेय ना," आत्या म्हणाली.

सगळे हसले. झेंडेवालाही हसला आणि पुढच्या वर्षापासून त्यानं स्वतःच गल्लीच्या तोंडाशी बांधलेली फीत बाजूला करून आत्याचा टेम्पो आत घेतला. त्या हसण्याचा मला आता संताप येतो. जिथे गाडीला शिरायला जागा ठेवलेली, नेमकी तिथेच अख्ख्या गावानं आपली म्हातारी माणसं नेऊन बसवली, आणि वर आत्याचं कौतुक केलं.

त्या वर्षी काका निघायलाच तयार नव्हते. गुडघा ठणकत होता. "घरी बसून काय भिंती बघणार?" असं म्हणत आत्यानं त्यांना हाताला धरून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. शर्यत सुरू झाल्यावर एक आजी उशिरा आल्या, म्हणून त्यांच्यासाठी खुर्ची काढायला आत्या मागे टेम्पोपाशी आली. मी तिथेच होते. उतारावरून एक निळी गाडी आली. तिचा वेग कमीच होईना. ती वळणावरच्या गर्दीवर जाणार असं वाटलं आणि एकदम ती आमच्या गल्लीत शिरली.

समोर रांगा होत्या आणि मग नव्हत्या. मला आवाज आठवत नाही. काका गेले, त्यांच्या शेजारचे दोघं गेले. आत्या खुर्ची हातात धरून तशीच उभी होती. ती खुर्ची मला तिच्या बोटांतून ओढून काढावी लागली.

त्यानंतर आत्यानं एकच धोशा लावला. "स्वतःचा जीव वाचवायला मेल्यानं आमच्यावर गाडी घातली. त्याला तुरुंगात टाकल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही." गावही तेच म्हणत होतं. गल्लीत खुर्च्या कशा आल्या, हे मात्र कुणी काढत नव्हतं.

चौकशी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. गाडीवाला अगदी कोवळा पोरगा निघाला. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता.

"ब्रेक लागेना," तो म्हणाला. "समोर माणसं होती. आम्हाला सकाळी सांगितलं होतं, गाडी आवरली नाही तर उजवीकडची गल्ली धरा, ती रिकामी असते. म्हणून मी गल्ली धरली. खुर्च्या दिसल्या तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं."

झेंडेवाल्यानं मान खाली घातली. आत्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आपल्या माणसाला आपण कुठे नेऊन बसवलं, हे तिला त्या क्षणी कळलं असावं.

"बाई, यानं मुद्दाम गाडी तुमच्यावर घातली असं तुमचं म्हणणं आहे ना?" अधिकाऱ्यानं विचारलं. आत्या नुसतं हो म्हणाली असती, तरी पोरगा आत गेला असता.

आत्या उठली. "खुर्च्या मी मांडल्या होत्या," ती म्हणाली. "यांना पुढे मीच बसवलं. ते घरी राहतो म्हणत होते."

मग ती सरळ त्या पोरापुढे जाऊन उभी राहिली. आता ही त्याला मारणार, असं मला वाटलं. त्यालाही वाटलं असावं, कारण त्यानं धडधाकट हात तोंडावर धरला. आत्यानं तो हात खाली घेतला.

"तू बरोबर वळलास, पोरा," ती म्हणाली.