मॅडमनी घातलेली मर्यादा

ऑफिसातल्या फोनवर मैत्रीण एवढंच म्हणाली, "अगं, सुजाता मॅडम गेल्या... काविळीचं निमित्त झालं." त्याला आता महिना होऊन गेला. मॅडम म्हटलं की मला बारामतीच्या कॉलेजातला प्रॅक्टिकलचा दिवसच आठवतो.

मॅडम लोणी भापकरच्या. घरात एवढं शिकलेल्या त्या पहिल्याच. कॉलेजात तात्पुरत्या नेमणुकीवर होत्या, कायम होण्याची वाट बघत. लॅबमध्ये युनिक्सचं एकच मशीन आणि त्यालाच जोडलेली आमची सगळ्यांची टर्मिनल्स. एकानं गोंधळ घातला की सगळे अडकायचे, म्हणून त्या फार कडक. मी डाळजहून एसटीनं यायचे. वडलांनी बजावलं होतं, "औंदा पास झालीस तर पुढं शीक. न्हायतर सोयरीक बघतो." माझा प्रोजेक्ट म्हणजे कॉलेजचं वेळापत्रक लावणारा प्रोग्राम. असंख्य जुळण्या तपासायचा, वेळ घ्यायचा, पण बिनचूक चालायचा.

त्या दिवशी तो मधेच बंद पडला. चूक दाखवणारी ओळसुद्धा नाही, पडद्यावर पुढच्या आज्ञेची वाट बघणारा नुसता रिकामा प्रॉम्प्ट. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "स्वतः लिहिलाय ना? की कुणाचा उचललाय?"

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "पहिल्यांदा जास्त वेळ चालला होता ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. तेव्हा सगळी टर्मिनल्स चालू होती. आता निम्मी मुलं उठून गेली होती. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "गर्दीत जास्त टिकतो, एकटा असला की लवकर मरतो... गर्दीत प्रोसेसर सगळ्यांत वाटला जातो, एकट्याला सलग मिळतो. म्हणजे घड्याळाचा वेळ नाही, प्रोसेसरचा वेळ संपतोय." मग परीक्षकांकडे वळल्या. "सर, चूक हिची नाही, माझी आहे. काल एका मुलाच्या प्रोग्रामनं सगळं मशीन अडवलं होतं, म्हणून मी लॉगिनच्या फाइलमध्ये प्रोसेसरच्या वेळेला मर्यादा घातली. ती ओलांडली की सिस्टिम प्रोग्राम मारते. आज काढायची राहिली."

त्यांनी फाइल दुरुस्त केली. मी प्रोग्राम चालवला... आणि तो तिसऱ्यांदा मेला. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "पुरे झालं, मॅडम."

"एक मिनिट, सर." त्या माझ्यापाशी वाकल्या. "तू सकाळपासून लॉगिन आहेस ना? आज्ञा घेणारं तुझं शेल तेव्हाच सुरू झालंय गं, जुनी मर्यादा घेऊन बसलंय. त्यातून सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रामला तीच मिळणार. बाहेर पड. पुन्हा लॉगिन कर."

माझा पासवर्ड दोनदा चुकला. प्रोग्राम सुरू झाला. मॅडमनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. आधी जिथं मरत होता ती वेळ गेली, आणखी थोडी गेली... आणि सोमवारचं वेळापत्रक पडद्यावर उतरू लागलं.

मी पास झाले. परीक्षकांनी मात्र अहवालात लॅबमधली चूक नोंदवली आणि मॅडमची नेमणूक त्या वर्षी कायम झाली नाही. मला हे दुसऱ्यांकडून कळलं. मी रडत गेले तेव्हा त्या चिडल्याच. "तू कशाला रडतेस? मर्यादा मी घातली होती."

मॅडमच्या जलदानविधीला मला जाता आलं नव्हतं. परवा लोणीला गेले. त्यांच्या वडलांनी, तात्यांनी, आतली खोली दाखवली. खिडकीपाशी टेबल, वर निम्मे तपासलेले पेपर, लाल पेन, आणि लाकडी खुर्ची.

"हितंच बसायची," तात्या म्हणाले. "आता कुणी बसत न्हाय."

मी दाराशीच थबकले.

"बस की, पोरी. उभ्यानं कुणी आलं-गेलं की तिला खपत न्हवतं."

मी बसले. तात्या चहा सांगायला बाहेर गेले आणि मग मला रडू आलं.