फळ्यांचा फटका

इथे आखातात, अल दुहैलच्या शाळेत शुक्रवारी आमच्या हौशी बँडची तालीम असते. माझ्यामागे वसईचे एक अंकल उभे असतात. सध्या आम्ही बेसबॉलवरची एक अमेरिकन रचना बसवतोय, आणि त्यात अंकलना एकच काम आहे: दोन लाकडी फळ्या आपटून बॅटचा आवाज काढायचा. ती जागा येईपर्यंत ते तळहात पुसत, ओठांतल्या ओठांत मात्रा मोजत थांबतात. फटका मारला की मान वर करून चेंडू शोधतात. कंडक्टर वैतागतो, "वर नको, माझ्याकडे बघा."

कार्यक्रमात फटका नेमका बसला. अंकलची मान वर गेली, नजर छताखालून सावकाश मागच्या दारापर्यंत फिरली. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळली. कंडक्टरही.

निघताना मी विचारलं, "अंकल, सिक्सर?"

फळ्या पिशवीत घालत ते म्हणाले, "अजून खाली नाय आला, बाय."