बॉयलरजवळ कोण बसणार

आमच्या बालाघाटच्या घरातला गिझर गरीब स्वभावाचा होता. बटण दाबलं की तापायचा, बंद केलं की गप्प. घरातली कामं उरकून मी सगळ्यांच्या शेवटी न्हायले तरी पाणी गरम. एवढं सुख आमच्या ह्यांना बघवलं नाही, असं मी म्हणते. ते म्हणतात, बिजली वाचवायची होती.

ह्यांची नोकरी जंगल खात्यातली, बरीचशी बैहरला झालेली. रिटायर झाल्यावर हुकूम सोडायला माणसं उरली नाहीत, तेव्हा साहेबांचं लक्ष घराकडे वळलं. कुठल्याशा हॉटेलात त्यांनी लाकडावरचा बॉयलर पाहिला आणि घरी येऊन गिझरच उतरवला. मागच्या अंगणात बॉयलर, न्हाणीघरात नवी टाकी, मध्ये पाइप.

"काहून हो, चांगल्या गिझरले काय झालं?"

"लाकडावरचं पाणी अंगाले मानवते. तुले नाही समजणार."

समजलं, दुसऱ्याच दिवशी. गिझरला बटण होतं, बॉयलरला मी होते. पहाटे उठा, लाकडं लावा, फुंका, डोळे पुसा. साहेब कढत पाण्यानं न्हाऊन, गंध लावून, शेजाऱ्यांना बॉयलर दाखवायला मोकळे. आग जरा मंदावली की टाकी गार व्हायची, म्हणून आंघोळ संपेपर्यंत तिथं कोणीतरी बसावं लागे. ह्यांच्या आंघोळीला मी बसायची. मी न्हाणीत गेले की आगीजवळ कोणी नसे. अंगावर चार तांबे घेते न घेते तोच पाणी गार. बोलून दाखवलं तर म्हणाले, "पटापट आंघोळ करत जा नं."

मग जावयाची पहिली दिवाळी आली. लेकीच्या घरी गोंदियाला फोन करकरून ह्यांनी बॉयलरचे असे गोडवे गायले होते की, जावई सासरी येतोय की बॉयलर पाहायला, हेच कळेना. पहिल्या आंघोळीच्या पहाटे मी आग पेटवली, टाकी कढत केली. पाट मांडले. लेकीनं जावयाला तेल लावलं, मी ह्यांना लावलं, चांगलं चोपडून. दोघं उघडे, चकचकीत, पाटावर. "जरा तेल मुरू द्या," मी म्हणाले, माझी साडी उचलली आणि न्हाणीत जाऊन कडी लावली.

थोड्या वेळानं दार वाजलं. "मम्मी, ये लोग ठंड में बैठे हैं!" ही लेक. मागोमाग हे.

"काय करून राह्यली वो आत?"

"आंघोळ. पाणी कोमट होऊन राह्यलं. लाकडं टाका."

"मी? माह्या अंगभर तेल आहे!"

"मंग राहू द्या. टाकी गार होईन, जावई थंड्या पाण्यानं न्हाईन."

बाहेर लाकडं आपटल्याचा आवाज आला, मग फुंकणं, मग खोकला. जावई विचारत होता, "पापाजी, मैं फूँकूँ क्या?"

नळाला कढत पाणी आलं, आणि येतच राहिलं. लाकडावरचं पाणी अंगाला मानवतं, हे अगदी खरं आहे. मी केसही धुतले.