माहेरच्या तुळईची खुर्ची

भूकंपानंतरच्या हिवाळ्यात मामा टेम्पोत दोन तुळया घालून लातूरला आमच्या दारात आला. किल्लारीच्या बाजूला आईचं माहेर. माळवदाचं घर होतं ते. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर सागवानी लाकूड आणि त्या लाकडावर हातभर मातीचा थर. विसर्जनानंतरच्या पहाटे ते जागच्या जागी खाली बसलं. आई गणपतीसाठी माहेरी गेलेली. दुपारी तिला ढिगाऱ्यातून काढलं, तेव्हा तिच्या कमरेचं हाड मोडलं होतं. तिची आई आणि धाकटी बहीण त्याच खोलीत होत्या. त्या वाचल्या नाहीत. मामा रानात जागलीला गेलेला, म्हणून राहिला.

"पत्र्याच्या शेडात ठेवायला जागा न्हाई, दाजी," मामा माझ्या वडिलांना म्हणाला. "लोक चुलीत घालायलेत. माझ्यानं तसं व्हईना. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे, पण त्यांचा जीव होता लाकडात. कुणाकडं न शिकता, मोडत-जोडत त्यांनी घरातले पाट, देव्हारा, माझं अभ्यासाचं टेबल असं सगळं केलेलं. कॉलेजातून आले की सदरा खुंटीला लावायचे आणि रंधा हातात घ्यायचे. आई म्हणायची, यांना जेवायला हाक मारायची तर लाकडाच्या भुशातून शोधावं लागतं.

आई अंथरुणातून उठली, तरी तिला खाली बसता येईना. साध्या खुर्चीत पाठीला कळ लागायची. नांदेडला आमच्या एका नातेवाइकांच्या व्हरांड्यात डुलती खुर्ची होती. त्या घरातले म्हातारे गृहस्थ दिवसच्या दिवस तिच्यात बसून असत. अण्णांना ती आठवली आणि त्यांनी ठरवून टाकलं. तुळया सॉ मिलवर नेऊन चिरून आणल्या. त्यांच्यात जुने खिळे निघाले, एका बाजूला दिव्याची काजळी धरलेली होती. ती काजळी तेवढी त्यांनी फार जपून तासली.

अंगणातल्या फरशीवर खिळा रोवून, त्याला सुतळी बांधून, खडूनं त्यांनी एक मोठी कमान काढली. खुर्चीच्या खालच्या दोन वाकड्या पट्ट्या त्या मापानं कापायच्या होत्या. आई दारात बाजेवर बसून बघायची.

"कशाचं घोडं करायलात?" तिनं विचारलं.

"बसल्यावर कळंल," अण्णा म्हणाले. इतक्या खुशीत मी त्यांना नंतर फार कमी वेळा बघितलं.

पाडव्याच्या आसपास खुर्ची झाली. हात ठेवायच्या पट्ट्या त्यांनी इतक्या घासलेल्या, की हात आपोआप त्यांच्यावरून फिरायचा. आई बसली. अण्णांनी मागून, अगदी हलक्या हातानं, खुर्चीला झोका दिला. आईनं खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले. खुर्ची एकदा मागं गेली, पुढं आली, आणि ती उठली.

"छान झालीय," ती म्हणाली. "पन मला बाजच बरी."

अण्णांनी खुर्ची उलटी करून बघितली. त्यांना वाटलं, डावी कमान तसूभर उंच राहिली, म्हणून आईला दचका बसला. त्यांनी ती तासली. मग उजवी जास्त वाटली, ती तासली. बैठकीवर पाण्यानं भरलेला पेला ठेवून ते खुर्ची डुलवून बघत आणि पाणी सांडलं नाही की आईला हाक मारत. ती येऊन कौतुक करायची. बसायचं मात्र आज पाठ दुखतीय, उद्या बघू, असं करत टाळायची. उन्हाळ्यात त्यांनी जुन्या कमानी काढून दुसऱ्या तुळईतून नवीन कापल्या. आई त्यांच्यावरही बसली नाही.

पुढं लातुरात शिकवण्यांचे दिवस आले. आमच्या गल्लीतही घरोघर पाट्या लागल्या. अण्णांकडं सकाळ-संध्याकाळ पोरं यायला लागली. अंगणावर पत्रे टाकले, बाकं आणली, भिंतीवर फळा ठोकला. वरच्या खोल्यांत निलंग्याच्या, मुरुडच्या मुली राहायला आल्या आणि आई त्यांना दोन वेळचं करून वाढायला लागली. रंधा, करवत, पटाश्या एका पोत्यात बांधून माळ्यावर गेल्या. कधीतरी अण्णांनी ते पोतं गल्लीतल्या एकाला देऊन टाकलं. मला ते बऱ्याच दिवसांनी कळलं.

खुर्ची ओसरीच्या कोपऱ्यात राहिली. पुढच्या बॅचची पोरं आपली वेळ यायची वाट बघत तिच्यात बसून झोके घेत सूत्रं पाठ करायची. कुणी डुलायला लागलं की आई काहीतरी काम काढून आत जायची. आम्हाला वाटायचं, तिला गोंगाट सोसत नाही.

पोरांचे आईवडील भेटायला आले की अण्णा खुर्चीकडं बोट दाखवून म्हणायचे, "गणितात माझे विद्यार्थी पैकीच्या पैकी घेतात, पण सुतारकीत मी नापास. घरच्या परीक्षकानं पासच केलं नाही." सगळे हसायचे. चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली आईही हसायची. आणि तीच आई रोज सकाळी ती खुर्ची पुसायची, दिवाळीला तिला तेलाचा हात द्यायची.

माझं लग्न होऊन मी नांदेडला गेले. त्यानंतर काही वर्षांनी अण्णा गेले, शिकवत असतानाच, हातात खडू असताना. दिवसकार्य झाल्यावर मी आईजवळ राहिले. पत्र्याखालची बाकं कुणीतरी घेऊन गेलं. ओसरीही मोकळी करावी म्हणून मी म्हणाले, "ही खुर्ची देऊन टाकू का कुणाला? तू तर बसत नाहीस."

"तिला हात लावायचा न्हाई," आई म्हणाली. असा आवाज तिनं माझ्याशी कधी काढला नव्हता. मग ती बाजेवर टेकली आणि पदराचं टोक चोळायला लागली.

"खुर्चीत काई खोट न्हाई," ती म्हणाली. "ती हलती ना, तेच मला सोसत न्हाई. त्या दिवशी तुझ्या अण्णांनी मागून ढकललं, आन् मला वाटलं, आता वरून माती येती. भुई हलल्यावानी झालं. नंतर पोरं डुलताना दिसली तरी मी उठून आत जायची."

"मग अण्णांना सांगायचं ना."

"काय सांगू? त्यांचा स्वभाव तुला ठाऊक हाय. मला तरास व्हतो म्हणल्यावर त्यांनी ती घरात ठिवली असती का? दुसऱ्या दिवशी फोडून बंबात घातली असती. माझ्या बापाच्या घरचं तेवढंच तर उरलेलं. आज सांगू, उद्या सांगू करत ऱ्हायले. मग ते हसण्यावारी न्यायला लागले. मला वाटलं, गेलं त्यांच्या मनातून."

दुसऱ्या दिवशी मी परसातून विटांचे तुकडे आणले आणि दोन्ही कमानींखाली पुढून-मागून घट्ट सारले. खुर्ची हलवून बघितली. हलली नाही. आईला हाताला धरून आणलं. तिनं आधी हातांनी बैठक दाबली, मग भीत भीत टेकली, आणि हळूहळू पाठ मागं सोडली.

"एवढंच करायचं व्हतं व्हय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. मी आत जाऊन उगीच भांडी लावत बसले.

तेव्हापासून आई रोज दुपारी त्या खुर्चीत बसते. भाजी निवडते, वरच्या खोल्यांतल्या मुलींशी बोलते, कधी तिथंच डोळा लागतो.

जायच्या आदल्या वर्षी अण्णा नांदेडला माझ्याकडं आले होते. जेवण झाल्यावर आम्ही बोलत बसलो होतो, आणि बोलता बोलता त्यांनी मध्येच विचारलं, "तुझ्या आईला त्या खुर्चीची पाठ जास्त सरळ वाटत असेल का गं? थोडी कलती करायला पाहिजे होती बहुतेक." मी म्हणाले, असेल. ते हवेत हात तिरका धरून किती कलती करायची ते बघत राहिले. हे मी आईला सांगितलेलं नाही.