माझ्या मुलीची मंदा मावशी

जिचा मी पाच वर्षं हेवा केला, ती बाई आज सकाळी गेली.

मंदाताई. कर्वेनगरात कॉलेजच्या गल्लीत त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. मूळच्या यवतमाळकडच्या. काविळीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं संपलं.

माझी मुलगी सई त्यांना मावशी म्हणायची.

मावशी म्हणजे आईची बहीण. माझी कोण लागत होती ती?

(सईला विचारून लिहितेय. "लिही, पण स्वतःला चांगलं दाखवू नकोस," म्हणाली.)

पाच वर्षांपूर्वी सई सेकंड इयरला होती. एका सकाळी ती तिच्या सगळ्या नोट्सचा गठ्ठा घेऊन दुकानात गेली. झेरॉक्स काढायला नाही.

ज्युनियर्सना देऊन टाका म्हणाली, मला आता लागणार नाहीत.

मंदाताईंनी गठ्ठा बाजूला ठेवला. मशीन बंद केलं. स्टूल पुढे सरकवलं आणि सरळ विचारलं,

"मरावंसं वाटते का तुले?"

सई हो म्हणाली.

त्या दिवशी सकाळी माझ्या घरातून ती पोहे खाऊन निघाली होती. मी तिला टिफिन दिला होता. केस विंचरले नाहीस म्हणून बोलले होते.

मला काहीही दिसलं नव्हतं.

मग तिने सगळं सांगितलं. त्यांना. महिनाभर झोप नव्हती, हे सांगितलं. तिने स्वतःच एका प्रायव्हेट डॉक्टरांकडे फोन केला होता, तिथे तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली, वर आईबाबांना घेऊन या असंही सांगितलं गेलं, म्हणून तिने फोन ठेवून दिला. हेही सांगितलं.

आईला का नाही सांगितलंस, असं मंदाताईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, आई आधी मार्क विचारेल.

हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं. अजून पचलेलं नाही.

सबमिशनचे दिवस होते. दुकानासमोर पोरांची ही रांग. मंदाताईंनी शटर ओढलं, रिक्षा केली आणि सईला सरकारी हॉस्पिटलात नेलं. मानसोपचाराच्या ओपीडीत आधी तारीख घ्यावी लागत नाही, सकाळी केसपेपर काढला की त्याच दिवशी डॉक्टर बघतात, एवढं त्यांना माहीत होतं.

मला नव्हतं. मी ग्रॅज्युएट, इन्शुरन्स कंपनीत नोकरीला.

तिथून त्यांनी मला फोन केला. मी धावत पोहोचले आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल?

"कोणाला विचारून आणलंत हिला इथे?"

त्या बाकावर थोड्या सरकल्या. "बसा ताई. नंबर याचाय अजून."

सईचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. मी आल्यावरही तिने ते उचललं नाही.

हेवा तिथे सुरू झाला.

पुढे गोळ्या, काउन्सेलिंग, एक वर्षाचा ड्रॉप. मधे दोनदा घसरली, सावरली. डिग्री झाली, नोकरी लागली. पण दर महिन्याच्या फॉलो-अपला सोबत मावशीच. मी रजा काढते म्हटलं की, "नको आई, तू टेन्शन घेतेस."

घेत होते. खरं होतं ते.

नोकरीची बातमी आधी मावशीला. घरी आमटी-भात वाढलेला असायचा आणि ही तिथे मावशीच्या डब्यातली भेंडी खाऊन आलेली. ऑफिसच्या फॉर्मवर इमर्जन्सी काँटॅक्ट म्हणून कोणाचा नंबर होता, हे लिहायला नकोच.

एकदा मी आधार कार्डाची झेरॉक्स काढायच्या बहाण्याने दुकानात गेले. नुसती त्यांना बघायला. काय आहे हिच्यात, जे माझ्यात नाही?

त्यांनी ओळखलं. पाठपोट काढू का, एवढंच विचारलं. मग मीच म्हटलं, तुम्हाला कसं कळलं हो त्या दिवशी? मी आई असून मला नाही कळलं.

"मले काहीच कळलं नव्हतं ताई. मी इचारलं. तुमीबी इचारत जा. इचारल्यानं काही होत नाही."

मी कार्ड उचललं आणि निघाले. हिने मला शिकवावं, याचा राग रस्ताभर डोक्यात होता.

आणि मी विचारलं नाहीच. जेवलीस का, झोपलीस का, गोळी घेतलीस का, हे रोज विचारलं. तो एक प्रश्न पाच वर्षांत तोंडातून फुटला नाही. वाटायचं, आपण म्हटलं तर तिच्या मनात येईल. डॉक्टरांनी समजावलं होतं, असं होत नाही म्हणून. तरीही.

आज अंत्यविधी उरकून सगळे परतल्यावर सई त्यांच्या बिल्डिंगच्या जिन्यात एकटीच बसली होती. मी शेजारी बसले.

म्हटलं, "सई, जीव नकोसा वाटतोय का तुला?"

तिने मान हलवली.

"नाही आई. आज फक्त खूप रडू येतंय."

मग रडली. माझ्या खांद्यावर. थोड्या वेळाने नाक पुसत म्हणाली, "गुरुवारी फॉलो-अप आहे. येशील?"

येते म्हटलं.

आणि मला आनंद झाला. वर त्यांचे यजमान रिकाम्या कॉटकडे बघत बसले होते, आणि खाली जिन्यात मला आनंद झाला. लाज वाटते लिहिताना, पण झाला.

मंदाताई, मी तुम्हाला कधी थँक यू म्हटलं नाही. हेवा अजूनही गेलेला नाही, आणि आता तो जाईल असंही वाटत नाही.

पण तो वाटायला माझी मुलगी आज जिवंत आहे, ती तुमच्यामुळे.

शांतपणे जा. गुरुवारी केसपेपरच्या रांगेत मी उभी राहते.

— सईची आई