हाफ क्लचचे हाडवैरी

मोटरसायकलच्या क्लचवर दोन बोटं ठेवून तिच्या मालकाचं बायकोशी पटतं की नाही हे सांगणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या ताईंचा, नवरा. राहतात घाटकोपरच्या टेकडीवर, अशा उभ्या गल्लीत की रिक्षावाले पायथ्याशीच वर बघून हात जोडतात. नोकरी सगळी औषधांच्या गोदामात झाली. पण कुणी सेकंडहँड गाडी घेतोय एवढं कानावर आलं, की साडूभाऊ मुलगी बघायला निघाल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर.

"गाडी काय बघतंस? चालवणारो बघ!" हे त्यांचं पहिलं वाक्य. रंग, टायर, किलोमीटरचा आकडा यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. उकिडवे बसतात, गिअरच्या खटक्याचं रबर अंगठ्याने चाचपतात, चेनच्या चक्राचे दात निरखतात, मग डोळे मिटून क्लच दाबतात आणि हळूहळू सोडतात. त्यानंतर निकाल. चक्राचे दात एका बाजूला झुकलेले दिसले की, "हा सिग्नलच्या आधी सुटणारा." इंजिन आतून ठकठकत असलं की, "कंजूस आहे. पेट्रोल वाचवायला चौथ्या गिअरमध्ये रांगत गेलाय, बिचारीची छाती फोडली." मुलुंडला एका गृहस्थांची गाडी अशी चकाचक होती की मी मनातल्या मनात तिला हार घालून मोकळा झालो होतो. साडूभाऊंनी मागचा ब्रेक तपासला आणि विचारलं, "तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच चालवता ना? घरी कुणाचा एवढा धाक आहे?" गृहस्थांनी एकवार स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आम्हाला चहा न देताच वाटेला लावलं. अशा रीतीने गेली कित्येक वर्षं मी बिनगाडीचा आहे.

पण या सगळ्या पापांना त्यांच्याकडे क्षमा होती. क्षमा नव्हती ती एकाच गोष्टीला, हाफ क्लचला. "अरे, सोड नाहीतर धर! धड हो नाही, धड नाही नाही. आत प्लेटी घासून घासून मरतायत, आणि हा वर शीळ घालतोय!" माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी त्यांच्या हातात होती. बाहेर कुणीतरी चढावर अर्धा क्लच धरून गाडी गुरगुरवत आणली. साडूभाऊंनी दोरी सोडली, धावत गेले, त्या अनोळखी माणसाला थांबवून भर रस्त्यात शिकवणी घेतली, आणि परत येऊन "नाव काय ठेवलंत?" म्हणून विचारलं.

ताई त्यांना शोभेशाच. त्या माशाचा कल्ला उघडून तो कधी पाण्याबाहेर आला ते सांगतात. पाठीच्या मणक्याचं दुखणं मागे लागल्यापासून त्यांना चढ चालवत नाही. पण दर रविवारी साडूभाऊंच्या मागे बसून बाजारात जायचं आणि मासे स्वतःच्या हाताने निवडायचे, यात खंड नव्हता. आठवड्यातलं त्यांचं बाहेरचं जग तेवढंच.

मग साडूभाऊंचा डावा हात गेला. म्हणजे आहे जागेवर, पण बोटं आखडली. कपाचा कान धरता येतो, क्लच दाबता येत नाही. त्यांनी स्वतःची, म्हातारी पण देखणी गाडी विकायला काढली. आणि ताई वर अडकल्या. गणपतीत खाली उतरल्या होत्या, त्या हिवाळा संपत आला तरी वरच. साडूभाऊ बाजारातून बांगडे आणायचे आणि ताई ते उलटेपालटे करून म्हणायच्या, "अहो, गाडीचा एवढा कळता, मग ह्याचे डोळे नाय दिसले?"

गिऱ्हाईकं खूप आली. साडूभाऊ प्रत्येकाला सपाट रस्त्यावर कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारायला लावायचे आणि स्वतः पाठ फिरवून नुसतं ऐकायचे. अंधेरीहून आलेल्या एका पैलवान पोराने असा दणकून गिअर टाकला की ते ओरडले, "गिअर टाकतोयस की झुरळ मारतोयस?" दुसरा एकजण क्लचवरची बोटं काढेचना. "हा लग्नात दाराजवळ बसणाऱ्यातला. कधी पळेल नेम नाही." आणि यातून जो तरेल त्याला शेवटची अट: दर रविवारी सकाळी गाडी इथे, टेकडीवर, दिसली पाहिजे.

"काका, गाडी विकताय की दत्तक देताय?" एकाने विचारलंच. आम्ही सगळे हसलो. साडूभाऊ हसले नाहीत.

एका रविवारी असंच कुणी येणार होतं. गाडी पायथ्याच्या गॅरेजात पुसायला ठेवलेली. साडूभाऊंनी नाइलाजाने, जन्मात पहिल्यांदा, किल्ली माझ्या हातात दिली. "वर घेऊन ये. आणि पाय आवर."

मी चढाला लागलो आणि चाटच पडलो. इंजिन बोंबलतंय, गाडी ढिम्म. क्लच अगदी शेवटाला कुठे जेमतेम पकडतोय. एवढी वर्षं ज्यांच्या मागे फिरून शिकलो, त्यांचीच विद्या कामी आली! वर पोचलो, गाडी लावली आणि अंगणात उभा राहून, शेजारीपाजारी ऐकतील अशा बेताने, मी निकाल वाचला: "साडूभाऊ, प्लेटी जळाल्यात! हिचा मालक वर्षानुवर्षं चढावर हाफ क्लच धरत आलाय!"

साडूभाऊ कठड्याकडे बघू लागले. कान लाल.

"माझ्यासाठी धरायचे," दारातून ताई म्हणाल्या. "क्लच पुरता सोडला की गाडी झटका देते ना? पाठीचं झाल्यापासून त्या चढावर मला एक धक्का बसू दिला नाही. प्लेटी जळल्या की बदलायच्या, आणि मेकॅनिकला सांगायचं, भाच्याने चालवली."

"भाचो चालवताच तशी," साडूभाऊ पुटपुटले.

रविवारची ती चमत्कारिक अट मला तेव्हा कळली. हा माणूस इतके महिने गाडीला गिऱ्हाईक नव्हता शोधत; आपल्या डाव्या हाताच्या जागी दुसरा हात शोधत होता.

"येणाऱ्याला नको म्हणून कळवा," मी म्हटलं. "गाडी मी घेतोय. रविवारी सकाळी इथे दिसेल."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, सेकंडहँड माल बघावा तसं. "हात बरो आसा तुझो," शेवटी म्हणाले. "पाय उतावळो. पण बघूया."

पुढच्या रविवारी, नव्या प्लेटी घालून, ताईंना मागे बसवून मी बाजारात नेलं. अर्धा तास त्या कोळणीशी एका पापलेटवरून अशा भांडल्या की दोघींचे चेहरे उजळून निघाले. परत येताना चढ लागला. साडूभाऊ वर कोपऱ्यावर उभे होते, रस्त्याकडे पाठ करून, कान देऊन. मी मनात घोकत होतो, सोड नाहीतर धर, सोड नाहीतर धर. पण मागून ताईंचा हात खांद्यावर घट्ट झाला, आणि माझी बोटं मला न विचारता अर्ध्यावर थांबली ती वर पोचेपर्यंत.

"चढ कधी संपलो, कळलाच नाय," ताई उतरत म्हणाल्या आणि पिशवी घेऊन आत गेल्या.

साडूभाऊ जवळ आले. नाक फुलवून वास घेतला.

"जळल्याचो वास येता हा."

मी मान खाली घातली. शिकवणीची वाट बघत उभा राहिलो. पण आखडलेला डावा हात त्यांनी टाकीवरून एकदा फिरवला, आणि मग चेन तपासायला म्हणून खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. चेनला काहीही झालेलं नव्हतं.